फ्रँकची गाडी, माझं पुस्तक

पाय

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी हॅरल्डच्या घरून परत येताना मी क्लच दाबायला गेले आणि माझा डावा पाय कुठे आहे तेच मला कळेना. पाय दिसत होता. क्लचवरच होता. पण तो माझा आहे अशी खबर काही वर पोचत नव्हती. मी गाडी कडेला घेतली, बूट काढून तळवा चोळला, थंडीमुळे असेल म्हटलं आणि पुन्हा निघाले. लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला घरी पोचेपर्यंत दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो म्हणाला, दिवसभर त्या म्हाताऱ्यासमोर बसून राहतेस, दुसरं काय होणार. जीपीकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे फोन केला, तर रिसेप्शनिस्टने रक्ततपासणीसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. या दोघांवरही माझा राग नाही. मलाही तसंच वाटत होतं. मध्यंतरी पोट बिघडलं होतं, त्याचा अशक्तपणा असेल, असं निदान मीच करून टाकलं होतं.

सोमवारी सकाळी स्टॅनमोर स्टेशनचा जिना उतरताना गुडघे मिटले. मी घसरले नाही, अडखळले नाही. घडीची खुर्ची मिटावी तसे पाय मिटले आणि मी पायरीवर बसले ती मला उठताच येईना. मागून येणाऱ्या दोन अनोळखी बायका ऑफिसची ट्रेन सोडून अॅम्ब्युलन्स येईपर्यंत माझ्या दोन्ही बाजूंना बसून राहिल्या. त्यांची नावं विचारायची राहून गेली.

हॅरल्ड कोण

हे सांगायला हवं, कारण माझ्या आजारपणाची अर्धी गोष्ट हॅरल्डची आहे.

माझे वडील नागपूरला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. मी इंजिनिअर झाले ती त्यांच्या हाताला लागलेल्या ग्रीसचा वास आवडायचा म्हणून. इथे मी गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करते. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या मैदानावर जुन्या रेसिंग गाड्यांचं प्रदर्शन होतं. एका हिरव्या, सिगारसारख्या लांबट गाडीशेजारी नव्वदीच्या घरातले एक गृहस्थ फोल्डिंग खुर्चीत बसले होते. तेच ती गाडी एकेकाळी चालवायचे. लोक येत होते, फोटो काढत होते, भीती वाटायची का, मित्र मेले का, असं विचारत होते. मी विचारलं, की ड्रम ब्रेक तापून निकामी झाले की शर्यतीच्या शेवटी तुम्ही गाडी थांबवत कसे होता? ते खुर्चीतून उठले. म्हणाले, मला सगळे मरणाबद्दल विचारतात, ब्रेकबद्दल विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

हॅरल्ड लिंकनशरमधल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. लायसन्सचं वय व्हायच्या आधीपासून ते पावाची व्हॅन घेऊन गावोगाव फिरायचे, आणि वळणावर पाव सांडले तर वडिलांचा मार खायचे. गाडी मऊ हाताने कशी वळवायची ते मी पावांकडून शिकलो, असं ते सांगत. मग सैन्यात ट्रक चालवले. युद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळांवर तेलाची पिंपं आणि पेंढ्याच्या गासड्या मांडून शर्यती व्हायच्या. तिथे मोटारसायकलचं इंजिन बसवलेल्या चिमुकल्या गाडीने त्यांनी नाव काढलं, आणि एका छोट्या इंग्लिश टीमने त्यांना राखीव ड्रायव्हर म्हणून घेतलं. टीमचा मालक निवृत्त लष्करी अधिकारी होता. सगळे त्याला मेजर म्हणायचे.

राखीव ड्रायव्हरचं काम म्हणजे इंजिन गरम करून द्यायचं आणि भिंतीवर बसून बघायचं. हॅरल्डनी एक अख्खा हंगाम तेवढंच केलं. त्यांचा मित्र फ्रँक हा टीमचा मुख्य ड्रायव्हर. बेल्जियममध्ये भर पावसात फ्रँकची गाडी उतारावरून खड्ड्यात गेली, मांडी आणि कंबर मोडली. तेव्हा गाडीत पट्टे नसायचे. जळण्यापेक्षा फेकलं गेलेलं बरं, असा हिशेब होता. पुढच्याच शर्यतीत, फ्रान्समध्ये, फ्रँकची गाडी हॅरल्डना मिळाली आणि ते दुसरे आले. तिथून त्यांची कारकीर्द सुरू झाली. दोन ग्रां प्री जिंकल्या, एकदा हात भाजले, आणि तिशी गाठल्यावर एका मित्राला डोळ्यांदेखत जळताना बघून त्यांनी हेल्मेट ठेवलं ते कायमचं. पुढचं आयुष्य त्यांनी लोकांना साधी गाडी चालवायला शिकवण्यात घालवलं.

हे सगळं मी पाच वर्षं दर दुसऱ्या शनिवारी त्यांच्या बंगल्यात बसून रेकॉर्ड केलं. पुस्तक करायचं ठरलं तेव्हा मी सुजाताला सोबत घेतलं. सुजाता माझी लंडनमधली सगळ्यात जवळची मैत्रीण. आमच्या मंडळाच्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात आम्ही एकत्र खुर्च्या मांडल्या होत्या, तेव्हापासूनची. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा फार चांगलं, आणि एक छोटा प्रकाशक तिच्या ओळखीचा होता. मुलाखती आणि कच्चं लिखाण माझं, त्यावर हात फिरवायचा तिने, असं ठरलं. कागदावर काही केलं नाही. मैत्रिणी कागद करत नाहीत. मी जिन्यावर बसले त्या सोमवारी शेवटची दोन प्रकरणं तेवढी राहिली होती.

निदान

ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, एका तरुण डॉक्टरने माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. काही झालं नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की काहीतरी व्हायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत पाठीतून पाणी काढून झालं आणि तिने जीबीएस हे नाव सांगितलं. आपलंच शरीर आपल्या नसांवर उठतं, असं तिने समजावलं. मग म्हणाली, आधी वाढेल, मग थांबेल, मग उतरेल. किती वाढेल ते मात्र सांगता येत नाही.

माझ्या मनात पहिला विचार आला तो अगदी लहान मुलासारखा होता. माझंच शरीर, मी त्याला वेळेवर जेवू घातलं, कधी दारू-सिगारेट नाही, आणि त्यानेच माझ्यावर हात उचलावा? दगा हा शब्द मला तिथे पहिल्यांदा आठवला. पुढे तो बराच उपयोगी पडला.

आतमध्ये

आजार खांद्यांपर्यंत चढला, मग श्वासापर्यंत. मला आयसीयूमध्ये व्हेंटिलेटरवर ठेवलं. सुरुवातीचे दिवस मला आठवत नाहीत. नंतरचे मात्र आठवतात, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. मी पूर्ण शुद्धीत होते. हात हलत नव्हते, चेहरा हलत नव्हता, गळ्यात नळी होती म्हणून आवाज नव्हता. पण कान शाबूत होते. पलंगाशी उभं राहून लोक माझ्याबद्दल बोलायचे ते मला ऐकू यायचं. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर बोलतात तसं ते बोलायचे, हळू आवाजात आणि कौतुकाने.

ग्रेस नावाची फिलिपिनो नर्स तशी नव्हती. ती कशालाही हात लावण्याआधी सांगायची: आता डावा हात उचलतेय, आता तोंड पुसतेय, पाणी जरा गार आहे. मला उत्तर देता येत नसतानाही ती थांबायची, जणू मी परवानगी देतेय. कूस बदलणं, नळीतला कफ ओढणं, डोळ्यांत थेंब, पुन्हा कूस, असा तिथला दिवस. ग्रेसची ड्यूटी असली की त्या दिवसात मी माणूस असायचे.

पापण्या नीट हलायला लागल्या तेव्हा आमची मुलगी तन्वी केंब्रिजहून सुट्टी घेऊन आली आणि अक्षरांचा तक्ता घेऊन बसली. ती इथेच वाढली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. एक दिवस ती ओरडलीच, "आई, तुझी बोट हलला!" व्याकरण चुकलं होतं, पण बोट खरंच हलला होता.

सुजाता दर रविवारी यायची. माझ्या पायांना तेल लावायची, मंडळातल्या गप्पा सांगायची. माझी आई असती तर तिनेही याहून जास्त केलं नसतं. नितीन रोज ऑफिसहून थेट यायचा. उशी हवी का, पाय दुखतात का, पंखा लावू का, हे सगळे प्रश्न त्या तक्त्यावर मला विचारले गेले. मी पापणी मिटून हो आणि नाही सांगत गेले. पुस्तकाबद्दल मी एकदा अक्षरं जुळवून विचारलं. नितीन म्हणाला, "तू त्याची काळजी करू नकोस, सगळं व्यवस्थित आहे." मला वाटलं, माझ्यासाठी थांबलेत.

रेडिओ

वसंतात मला रिहॅब वॉर्डात हलवलं. गळ्यातली नळी निघाली, घोगरा का होईना आवाज आला. हॉइस्टने, म्हणजे पलंगाजवळच्या छोट्या क्रेनने उचलून खुर्चीत बसवायचे, तिथे मान धरायला शिकायचं. हात मांडीवर ठेवले की तिथेच राहायचे. शेजारच्या पलंगावर मॉरीन नावाची आजी होती. पक्षाघातातून उठत होती, आणि तिचा रेडिओ दिवसभर चालू असायचा.

जुलैमधली दुपार होती. जेवणाच्या थाळ्या नुकत्याच गेल्या होत्या. मॉरीनला फिजिओकडे नेलं होतं आणि रेडिओ तिच्या टेबलावर चालूच होता. निवेदक म्हणाला, पन्नासच्या दशकातल्या एका विसरल्या गेलेल्या ग्रां प्री ड्रायव्हरवर नवं पुस्तक आलंय, लेखिका आणि खुद्द ते ड्रायव्हर आज आपल्याबरोबर आहेत. आणि हॅरल्डचा आवाज आला.

मला आधी आनंदच झाला. मग दुसरा आवाज आला. सुजाताचा. ती सांगत होती की एका गावच्या प्रदर्शनात तिने एका वृद्ध गृहस्थांना ब्रेकबद्दल विचारलं आणि तिथून सगळं सुरू झालं. शेजारी बसलेल्या हॅरल्डनी तिला दुरुस्त केलं नाही. पावाच्या व्हॅनची गोष्ट तिने मी सांगते तशीच सांगितली, मी जिथे थांबते तिथेच थांबून. फ्रान्समधली ती शर्यत तिने सांगितली. राखीव ड्रायव्हरला अचानक मिळालेली संधी, असं ती म्हणाली, आणि ते वाक्यसुद्धा माझंच होतं.

मला तो रेडिओ बंद करायचा होता. तो हाताच्या अंतरावर होता. हात मांडीवर होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि तो हलला नाही. नर्सला हाक मारली असती, पण ती आली असती तर मला काय झालं ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला. माझं नाव आलं नाही. मॉरीन परत आली तेव्हा मी रडत होते, आणि नाक पुसायलाही तिलाच बेल दाबावी लागली.

आजारातला सगळ्यात वाईट क्षण कुठला, असं लोक मला विचारतात. त्यांना व्हेंटिलेटर अपेक्षित असतो.

नितीन

संध्याकाळी तो आला, कोट काढून खुर्चीवर टाकला. मी विचारलं, मुलाखती आणि प्रकरणं ज्यावर होती त्या माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड सुजाताला कोणी दिला. तो कोटावरच खाली बसला.

"मी," तो म्हणाला. "वैशाली, मला वाटलं तू जाणार. डॉक्टरांनी मला वेगळ्या खोलीत बसवून सांगितलं होतं, मनाची तयारी ठेवा. मला वाटलं, निदान तुझं पुस्तक तरी राहील."

"मग त्यावर माझं नाव का नाही?"

तो तुकड्यातुकड्याने सांगत गेला. प्रकाशकाला उन्हाळ्याच्या रेसिंग सीझनमध्येच पुस्तक हवं होतं. रेडिओवर जायला, दुकानांमध्ये वाचन करायला चालता-बोलता लेखक हवा होता. सुजाता म्हणाली, आत्ता माझ्या नावाने जाऊ दे, वैशाली बरी झाली की बघू. त्याने मान डोलावली. त्या दिवसांत तो कशालाही मान डोलावत होता, असं तो म्हणाला, आणि ते मला पटतं. जानेवारीत मी शुद्धीवर असल्याचं स्पष्ट झालं तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण तिला ताण देऊ नका, असं कोणीतरी म्हणालं, आणि ते त्याला सोयीचं पडलं. तन्वी म्हणाली होती की आईला विचारू या, तक्ता आहे ना. त्याने तिला गप्प केलं होतं.

मी म्हटलं, "तुम्ही दोघांनी मला मेलेली धरलंत. आणि मी तिथेच होते, नितीन. ऐकत होते."

तो उठून खिडकीशी गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो येत राहिला, घास भरवत राहिला, आणि आम्ही हवापाण्यावर बोललो. ज्याचा राग येतो त्याच्याच हातून जेवावं लागणं ही या आजारातली एक वेगळीच शिक्षा आहे.

सुजाता

ती रविवारी आली, तेलाची बाटली घेऊन. नितीनने तिला फोनवर सांगितलं असणार, कारण दारातूनच ती बोलायला लागली. हॅरल्डचं वय बघ, ती म्हणाली, आणखी एक वर्ष थांबलो असतो तर ते राहिले असते याची खात्री काय? शेवटची दोन प्रकरणं तिने ऑफिस सांभाळून लिहिली, डोळे फुटेपर्यंत. तिने आभाराच्या पानावर पहिलं नाव माझंच घातलंय.

"मी स्पष्ट लिहिलंय, की तू नसतीस तर हे पुस्तक झालंच नसतं."

"मी आहे," मी म्हटलं.

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. ज्या रविवारी ती माझ्या पायांना तेल लावत होती, तेव्हा पुस्तक छापायला गेलं होतं का? ती हो म्हणाली. हे तिने खोटं सांगितलं नाही, एवढं तिच्या बाजूने नोंदवते. मी तिला तेल घेऊन जायला सांगितलं. ती बाटली टेबलावर तशीच ठेवून गेली, आणि मला ती उचलून फेकताही येईना.

फ्रँक

पुढचे महिने फिजिओचे. उभं राहणं, पॅरलल बार, वॉकर, मग एक काठी. पहिल्यांदा स्वतः कप उचलून चहा प्याले तेव्हा तो सगळा गाऊनवर सांडला आणि मॉरीनने एका हाताने मांडीवर टाळ्या वाजवल्या. पण डोक्यात सारखं एकच चालू होतं. त्या कार्यक्रमातलं ते वाक्य: राखीव ड्रायव्हरला अचानक मिळालेली संधी. पाच वर्षं मी ती शर्यत सांगत आले आणि फ्रँकला त्यात एक वाक्य दिलं. गाडी खड्ड्यात गेली, मांडी मोडली, आणि कॅमेरा हॅरल्डवर. तो माणूस बेल्जियमहून परत येऊन कुठेतरी महिनोन्‌महिने पलंगावर पडून होता, हे मला कधी सुचलंच नव्हतं. ते सुचायला मला स्वतःला पलंगावर पडावं लागलं.

घरी आल्यानंतर थंडीत मी नितीनला हॅरल्डकडे न्यायला सांगितलं. तो बाहेर गाडीतच बसला. हॅरल्डचा एक कान इंजिनच्या आवाजाने कधीचाच गेलाय, म्हणून मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले. ते आधी पुस्तकाबद्दल बोलले. त्यांना सांगितलं गेलं होतं, की वैशालीला सगळं माहीत आहे आणि ती खूश आहे.

"मी फार खोदून विचारलं नाही," ते म्हणाले. "या वयात माणूस खोदून विचारत नाही. उत्तर आवडलं नाही तर दुरुस्त करायला वेळ नसतो."

मला ते लागलं, पण निदान सरळ होतं. मग मी फ्रँकबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं, की फ्रान्सनंतर मेजरने गाडी त्यांना कायमची दिली आणि ते फ्रँकला भेटायला गेले. एकदाच. त्याचा पाय वजनं लावून टांगलेला होता. गाडी आता माझ्याकडे आहे आणि ती तुला परत मिळणार नाही, असं त्यांनी तिथे उभं राहून सांगितलं. फ्रँकने विचारलं, हळू वळणातून बाहेर पडताना ती कशी ओढते? त्यांनी खरं खरं सांगितलं. फ्रँकने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आता जा, पुन्हा येऊ नकोस.

"शर्यतीत मी बऱ्याच निर्दय गोष्टी केल्या," हॅरल्ड म्हणाले. "पण ही सगळ्यात वाईट. पडलेल्या माणसाला जाऊन ते सांगायची काय गरज होती?"

क्रॉयडन

फ्रँक पुन्हा चालला, लंगडत. त्याला परत कुणी गाडी दिली नाही. त्याने दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनला गॅरेज काढलं आणि तिथेच म्हातारा होऊन गेला. त्याची मुलगी जोन अजून त्याच भागात राहते, हॅरल्डशी तिची ख्रिसमस कार्डांपुरती ओळख आहे. त्यांनी तिचा नंबर दिला. आजारानंतरचा माझा पहिला एकटीचा प्रवास तो: स्टॅनमोरहून ट्यूब, मग ट्रेन, मग ट्राम, एका हातात काठी. ट्राममध्ये एका मुलाने कानातले हेडफोन न काढताच मला जागा दिली.

जोन निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेली. मी कोण आणि मला काय झालं होतं ते आधी सांगितलं. तिने नीट ऐकलं, चहा केला, आणि मग ती बोलायला लागली. ती जन्मायच्या आधीची गोष्ट, पण घरात अनेकदा बोलली गेलेली. हॉस्पिटलात सगळे यायचे, ती म्हणाली. मेकॅनिक यायचे, मेजर स्वतः यायचा, द्राक्षं घेऊन. सगळे सांगायचे, फ्रँक, गाडी तुझी वाट बघतेय. तिचे वडील त्या गाडीसाठी दात ओठ खाऊन पायाचे व्यायाम करायचे.

"आणि मग हॅरल्ड आला," जोन म्हणाली. "डॅडी म्हणायचे, माझ्याशी जिवंत माणसासारखा बोलला तो एकटाच."

मी विचारलं, म्हणजे त्यांनी हॅरल्डला माफ केलं?

"छे. कधीच नाही. दर वर्षी कार्ड पाठवलं आणि माफ केलं नाही."

तिथून निघाल्यावर मी ट्रामच्या स्टॉपवर बसून हॅरल्डना फोन केला आणि जोनचं वाक्य सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मला वाटतं, त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं.

हे कोणासाठी

ज्यांच्या घरी कोणी असं निपचित पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. आजारी माणसाला सगळं झेपतं असं मी म्हणणार नाही. मला नसतं झेपलं. मी जानेवारीत ते ऐकलं असतं तर यंत्रं वाजायला लागली असती. पण ते माझं नुकसान होतं आणि मला ते माझ्या वेळेला सोसायचा हक्क होता. पलंगाशी बोलताना वाक्य माणसाकडे तोंड करून बोला. त्याच्या वस्तूंना हात लावण्याआधी विचारा. उत्तर येत नसेल तर थोडं थांबा.

माझ्या उजव्या पायाची बोटं अजून झोपलेलीच आहेत. ती उठतील असं डॉक्टर आता म्हणत नाहीत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. नितीनने फोनवरून भांडून त्यावर माझं नाव घालायला लावलं, सुजाताच्या नावाच्या खाली. प्रत घरी आलीय. मी ती उघडलेली नाही. सुजाता आणि मी कार्यक्रमांत एकमेकींना जय भीम करतो आणि वेगळ्या रांगेत बसतो.

क्रॉयडनहून परत आले त्या दिवशी नितीन स्टेशनवर घ्यायला आला होता. घरापर्यंतच्या रस्त्यात मी त्याला फ्रँकची सगळी गोष्ट सांगितली. दारापाशी गाडी थांबवून त्याने इंजिन बंद केलं, पण उतरला नाही.

"मी तुला येऊन सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तू मला हाकलून दिलं असतंस."

"हो, दिलं असतं," मी म्हटलं. "तरीही."